निळं रॉकेल

बाबूरावला त्याच्या आईनं शिकवलेला पहिला व्यवहार रॉकेलचा. रेशनच्या दुकानात बॅरल उतरला की पाच लिटरचा डबा उचलायचा आणि पळायचं. वाटेत कुणी हटकलंच, "कुठं रं निघालास?" तर म्हणायचं, "आत्तीकडं." रॉकेल आलंय हे मात्र कुणाला सांगायचं नाही. बॅरल एक आणि गावातले उंबरे सव्वाशे. हातपंपाची नळी तळाला खरखर वाजायला लागली की दुकानदार माप पालथं घालायचा आणि मागं उभ्या राहिलेल्यांनी रिकामे डबे वाजवत घरी जायचं. एकदा बाबूरावनं न राहवून शेजारच्या पोराला खरं सांगितलं. पोरगं त्याच्या पुढं पळालं. त्या पंधरवड्यात बाबूरावच्या घरात सातलाच अंधार झाला. आईनं मारलं नाही. विझलेल्या चिमणीकडं बोट दाखवून नुसती म्हणाली, "बघ."

तो 'बघ' त्याच्या अंगात चाळीस वर्षं मुरला. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. कुणाच्या बांधाला त्यानं कधी नांगर लावला नाही, कुणाचे पैसे बुडवले नाहीत. फक्त त्याला कळलेली कामाची गोष्ट त्याच्या तोंडातून बाहेर पडत नसे. खताच्या गाडीची असो, बियाण्याच्या अनुदानाची असो, त्याच्या पोटात ती बाटलीत बूच मारल्यासारखी राहायची.

कराड तालुक्यात कृष्णेच्या अंगाला त्याचं गाव. तो साखर कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून. त्याच्या घराला भिंत लावून तात्याचं घर. तात्याला अडीच एकर रान, दोन म्हशी, आणि म्हशीखाली बसून बसून वाजायला लागलेले दोन गुडघे. रोज सकाळी भिंतीवरून दुधाची किटली इकडं यायची, रिकामी होऊन तिकडं जायची. हिशोब स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर, पेन्सिलीनं. महिनाअखेरीला पैसे कमीजास्त झाले तर तात्या म्हणायचा, "ऱ्हाऊ दे की, म्हस काय पळून चालली न्हाई."

दोन घरांत दोन मुली, एकाच वयाच्या. बाबूरावची सायली आणि तात्याची मनीषा. पाचवीपासून दोघी एसटीच्या फुकट पासावर कराडला जायच्या. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत मिळणारा, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा पास. बारावीला दोघींनी एकाच पुस्तकातून अभ्यास केला, कारण सीईटीचं जाड पुस्तक दोन घेणं दोन्ही घरांना जड होतं. निकाल लागला. सायलीला 81 पर्सेंटाइल, मनीषाला 78. दोघींनाही इंजिनिअर व्हायचं होतं.

2024 चा जुलै होता. 8 जुलैला उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास अशा घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी यातली निम्मीच मिळायची. अट, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. बाबूरावनं तो निर्णय कारखान्याच्या प्रिंटरवर काढला, तारखेखाली लाल रेघ मारली, सगळा वाचला. वाचणं हेच त्याचं काम असल्यामुळं शेवटच्या पानापर्यंत वाचला.

इथं जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळ घरं पहिल्याच पानावर आठ लाखांचा आकडा बघून कागद मिटतात. खेड्यातल्या माणसाला आठ लाखांची अडचण नसते. ती रेघ एवढी वर मारलेली आहे की तिच्याखाली गावच्या गाव मावतं. बाबूरावचं उत्पन्न पगारपत्रकावर रुपयापर्यंत नोंदलेलं, साडेतीन लाखांच्या आसपास. तात्याचं उत्पन्न तलाठ्यानं सातबारा बघून अंदाजानं लिहायचं, लाखाच्या आतबाहेर. (पगारदाराची गरिबी मोजून मिळते, शेतकऱ्याची आणि दुकानदाराची अदमासानं. कुणाचा अदमास किती खरा, ते ज्याचं त्याला ठाऊक.) दोघंही रेघेच्या पुष्कळ खाली. माणूस ठेचाळतो तो पुढच्या ओळीला. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे गावच्या भाषेत 'कॅप'मधून, झालेला असला पाहिजे. संस्थेच्या पातळीवर किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यात घेतलेल्या जागेला माफी नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे घरात चूल पेटायची मारामार असली, तरी मुलगी चुकीच्या दारातून आत गेली की अपात्र. आणि चुकीच्या दारावरच नेमका कुणीतरी हसतमुखानं उभा असतो.

बाबूरावनं कागदाची घडी घातली आणि देव्हाऱ्यामागं सरकवली.

दाखल्यासाठी तहसीलला जायचं होतं. त्या महिन्यात तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. 'लाडकी बहीण' योजना नुकतीच जाहीर झाली होती आणि तालुक्यातल्या झाडून साऱ्या बायका उत्पन्नाच्या नाहीतर रहिवासाच्या दाखल्यासाठी सेतूपुढं उभ्या होत्या. गंमत बघा. ती बातमी बाबूरावच्या बायकोला सकाळी नळावर कळली आणि दुपारच्या आत भिंतीपलीकडं तात्याच्या बायकोला तिनं सांगितलीही. दोघी एकाच रिक्षानं जाऊन फॉर्म भरून आल्या, येताना एकीनं दुसरीच्या आधारची झेरॉक्सही काढून आणली. बायकांच्या गावी बॅरल वगैरे काही नव्हता.

बाबूरावनं रजा टाकली. निघताना तात्या दारातच भेटला.

"आज कारखाना न्हाई?"

"न्हाई. गुडघा धरलाय. डाक्टरकडं चाललोय कराडला."

का खोटं बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. 'आत्तीकडं' म्हणावं तसं ते आपसूक निघालं. रांगेत चार तास उभं राहून तो संध्याकाळी आला तेव्हा ओट्यावर एक बाटली ठेवलेली. जुनी औषधाची, कागदाचा बोळा घातलेली. आत निर्गुडीचं तेल. तात्यानं बांधावरचा पाला आणून, तिळाच्या तेलात कढवून, गाळून ठेवलेलं.

"रातच्याला कोमट करून लाव," तात्या भिंतीवरून म्हणाला. "आन चोळू नगंस. नुसतं जिरवायचं."

बाबूरावनं बाटली फडताळात ठेवली, मागच्या बाजूला.

तात्याकडं तोवर फोन सुरू झाले होते. सीईटी दिलेल्या मुलींचे नंबर कुठून कुठं जातात देव जाणे, पण निकालानंतर आठ दिवसांत त्याला एका माणसाचा रोज फोन यायला लागला. अतिशय गोड बोलणारा. तात्याला 'काका' म्हणायचा. "काका, 78 ला कॅपमध्ये काय मिळणार? ती भानगड ऑगस्टपर्यंत चालते, तोवर चांगल्या जागा संपतात. आपल्याकडं सीट आजच पक्की करा. पन्नास हजार भरा, बाकी हप्त्यानं."

तात्याला ते पटत होतं आणि नव्हतं. एका रात्री जेवण करून तो बाबूरावच्या ओट्यावर येऊन बसला.

"बाबू, तू कागदातला माणूस. ते पूर्वीचं ईबीसी असतंय का रं आता? आमचा थोरला भाऊ त्याच्यावरच शिकला. बाराशे रुपयाच्या आत उत्पन्न दावायचं, फी माफ."

कराडच्या माणसाला ईबीसी आठवणारच. ती सवलत यशवंतराव चव्हाणांच्या काळातली आणि यशवंतराव कराडचे. शाळेलाही ते इथल्याच टिळक हायस्कुलात. गरिबी जातीवर नाही, बाराशे रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर मोजायची, हा त्या वेळी केवढा नवा विचार होता! त्याच्याही आधी याच तालुक्यातल्या काले गावात 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. पुढं 1924 ला साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं. तिथं अठरापगड जातींची पोरं एका पंगतीला बसायची, आणि एकदा त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रही मोडलं. तिथं पोराचं उत्पन्न त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून आणि डोळ्यांवरून ओळखलं जायचं. सरकारला ते जमणार नाही, हेही खरं आहे. लाखो मुलांच्या डोळ्यांत बघायला सरकारला डोळे नाहीत. त्याला दाखलाच लागणार. पण भाऊराव खेड्याखेड्यांतून फिरून सांगत होते, 'पोरं द्या, मी शिकवतो.' ते सांगत फिरणं आता कुणाच्या कामात बसत नाही. निर्णय निघतो, संकेतस्थळावर चढतो, आणि ज्याला कळलं त्याला कळलं.

तर तात्यानं विचारलं, ईबीसीसारखं काही असतंय का. बाबूरावच्या पाठीमागं दोन हातांवर देव्हारा होता.

"चौकशी करावी लागंल," तो म्हणाला.

"बघ की मग."

"बघतो."

तात्या चार दिवस थांबला. पाचव्या दिवशी सकाळी भिंतीवरून किटली आली नाही.

बाबूरावची बायको चहाचं आधण उतरवून वाट बघत बसली. मग पलीकडं जाऊन आली. "धाकली म्हस इकली," ती म्हणाली. "जाफरं. ऐंशी हजाराला. मनीच्या कालेजाला भरायचं म्हणं." त्या दिवशी चहाला पिशवीचं दूध आलं. बाबूराव चहा प्यायला आणि कामावर गेला.

रात्री तात्या पावती घेऊन आला. लखोट्यातून काढलेली गुळगुळीत, रंगीत पावती. त्यानं ती दोन्ही हातांनी पुढं केली. प्रसाद देताना करतात तशी.

"वाच बरं. समदं बराबर हाय का?"

पावतीवर पन्नास हजारांचा आकडा होता. गोड बोलणाऱ्याच्या हातात दिलेले आणखी दहा हजार पावतीवर नव्हते. ते 'फॉर्मचे' होते. आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलं होतं: संस्थास्तर. तो एक शब्द बाबूरावला असा दिसला, जसा हजेरीपटावर खाडा दिसतो. सगळ्या ओळी सोडून आधी तोच.

आता बोललं असतं तर म्हैस तरी परत आणता आली असती. अजून गावातच होती, ती घेणाऱ्याच्या गोठ्यात. बाबूरावनं पावती दिव्याकडं धरली, उलटी केली, सुलटी केली.

"सही हाय. शिक्का हाय. पावती बराबर हाय, तात्या."

हे त्याचं उत्तर कारकुनाचं होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या मते माणसानं आपल्या शेजाऱ्याला द्यावं असं याहून वाईट उत्तर शोधून सापडणार नाही.

"तू बगितलंस म्हंजे झालं," तात्या उठताना गुडघ्यावर हात टेकत म्हणाला. मग आठवण झाल्यासारखा थांबला. "तुजा कसा हाय गुडघा?"

"बरा हाय."

सायलीनं कॅपची नोंदणी आधीच केली होती. शिष्यवृत्तीसाठी पुढं काय लागेल ते बघायला तिनं देव्हाऱ्यामागचा कागद काढला. मनीषानं तिला दुपारीच सांगितलं होतं, आपलं ॲडमिशन झालं म्हणून, आणि सांगताना म्हशीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. सायली चौकटीत पाय पसरून बसली आणि शांतपणे सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं. बाबूराव जेवत होता.

"अप्पा, ह्यात आकडा कुठाय?"

"कसला आकडा? आठ लाख. पहिल्याच पानावर."

"तो न्हवं. किती मुलींना देणार, तो आकडा."

बाबूराव घास घेता घेता थांबला. "असंल की. बघ नीट."

"दोनदा बघितलं. न्हाई. जी बसंल तिला मिळणार असं हाय. हजार बसल्या तर हजार. म्हंजे मनीला मिळालं म्हणून माझं कमी झालं नसतं." तिनं कागदावरून डोळे उचलले. "तुम्हाला हे कधी कळलं?"

कागदाच्या वरच तारीख होती आणि तिच्याखाली बाबूरावच्याच हातची लाल रेघ. तिला उत्तराची गरज नव्हती, त्यालाही ते देण्याची. बायको भाकरी थापता थापता थांबली होती. तव्यावरची करपली तरी तिनं उलटली नाही.

"जागा तर मोजक्याच असत्यात की कालेजात," बाबूराव अखेर म्हणाला.

"जागा मार्कांवर मिळत्यात. तिच्यापेक्षा मला तीन जास्त हायत." सायलीनं कागदाची घडी घातली. "आन जास्त नसते, तरी?"

मुलगी एवढं बोलून गप्प बसली. आदळआपट नाही, रडारड नाही. तिनं घडी त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि आत गेली. बाबूरावला चिमणीकडं दाखवलेलं बोट आठवलं. आईचं काहीच चुकलं नव्हतं, हे त्याला त्या रात्रीही वाटत होतं. बॅरल खरंच एक होता. पण बॅरल जाऊन कैक वर्षं झाली, आणि तो अजून डबा घेऊन पळतच होता.

त्यानं हात धुतले आणि भिंतीला वळसा घालून तात्याच्या दारात गेला. पाऊस भुरभुरत होता. गोठ्यात एका खुंट्याला म्हैस होती आणि दुसऱ्या खुंट्याला नुसतं दावं.

काय बोलला, कसं बोलला, ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. तात्याच्या बायकोनं नंतर नळावर सांगितलं ते एवढंच, की बाबूभावजी दारातच उभं राहिलं, आत या म्हटलं तरी आलं न्हाईत, कागद पुढं धरला आन म्हणालं, 'मला म्हाईत हुतं.' आणि तात्या बराच वेळ त्या दाव्याकडं बघत होता.

"मुदत हाय का अजून?" एवढंच त्यानं विचारलं.

कॅपची नोंदणी संपायला चार दिवस होते. त्या रात्री साडेदहाला सायली आणि मनीषा मोबाइल घेऊन बसल्या. सगळ्या कागदांचे फोटो मनीषाकडं होते. अधिवासाचा दाखला तिनं बारावीलाच काढून ठेवलेला. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, एकेक चढवता चढवता एक वाजला. रेंज गेली की दोघी माळवदावर पळायच्या, छत्रीखाली. खाली दोन्ही बाप ओट्यावर बसून होते. बोलत काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबूरावनं पुन्हा रजा टाकली. या खेपेला कारण लिहिलं, 'शेजाऱ्याचे काम'. टाइम ऑफिसच्या साहेबानं दोनदा वाचलं. दोघं मोटरसायकलवरून त्या कॉलेजला गेले. नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, अशी पुष्कळ आहेत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "फी नॉन-रिफंडेबल आहे. आणि ओरिजिनल्स वर्ष संपल्यावर."

बाबूराव आयुष्यात पहिल्यांदा लोकांपुढं मोठ्यानं बोलला. घरून कागदावर लिहूनच नेलं होतं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी विद्यार्थ्यानं जागा सोडली, तर जास्तीत जास्त एक हजार कापून बाकीची फी परत करायची, आणि मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत, असा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे. त्यानं तो नियम तीनदा म्हणून दाखवला, आणि कॅपमधून न आल्यास माफी नाही, हेही. तिसऱ्या वेळी रांगेतल्या दुसऱ्या दोन बापांनी माना वळवल्या. एकानं विचारलं, "काय म्हणालात? कॅपमधनं न आल्यास काय?" बाबूरावच्या जिभेवर जुनं उत्तर आलं होतं: आत्तीकडं. ते त्यानं गिळलं, आणि दोघांना कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. मग तिसरा आला. मग एक बाई आली, मुलाला घेऊन. तिला सांगावं लागलं की ही पूर्ण माफी मुलींची आहे, पण मुलाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची निम्मी मिळेल, उत्पन्नाची अट तीच, कॅपची अट तीच, आणि एका घरातल्या दोनच मुलांना. आतून एक साहेब आला आणि मनीषाचे मूळ कागद देऊन टाकले. लवकर जावेत म्हणून असेल.

पैसे मात्र असे सुटले नाहीत. एकोणपन्नास हजार आले ते दिवाळीच्या तोंडावर, सात खेपा घातल्यावर. पावतीबाहेरचे दहा हजार गेले. गोड बोलणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून लागलाच नाही. आणि म्हैस गेली ती गेलीच. घेणाऱ्याकडं ती व्याली होती, तो कशाला परत देतोय.

सायलीला दुसऱ्या फेरीत जागा मिळाली, मनीषाला तिसऱ्या. कॉलेजं वेगळी, शाखा वेगळ्या. मनीषाला पाहिजे होती ती शाखा मिळाली नाही. पण दोघींकडून शिकवणी फी मागितली गेली नाही.

बाबूराव या सगळ्यात तात्याच्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळत होता. दूध पिशवीचंच येत होतं. उरलेल्या एका म्हशीचं दूध तात्याच्या घरालाच पुरत नव्हतं. मध्ये एकदा बाबूरावनं पाकिटात वीस हजार घालून भिंतीवरून पुढं केले. तात्यानं पाकीट उघडून बघितलं, मोजलं आणि परत केलं. "ह्येचं काय करू? निम्मी म्हस मिळत न्हाई बाजारात."

महाडीबीटीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सायलीचा अर्ज अडकला. शिष्यवृत्तीचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच पडतो आणि तिचं खातं जोडलेलं दाखवेना. बाबूराव बँकेत तीनदा जाऊन आला. तिथं दर वेळी म्हणायचे, केलंय, होईल, वाट बघा. चौथ्या दिवशी तो ओट्यावर डोकं धरून बसला होता. पलीकडं तात्या म्हशीखाली होता.

"काय झालं रं?"

बाबूरावनं सांगितलं. खरं तेच.

"मग पोस्टात जा की!" तात्या धार काढता काढता ओरडला, आळीतल्या तिसऱ्या घराला ऐकू जाईल एवढ्यानं. "पोस्टाच्या बँकेत खातं काढायचं, अंगठा लावायचा, आधार तिथंच जोडून देत्यात. माजं पीएम किसानचं दोन हजार असंच अडाकलं हुतं. बँकेत हेलपाटं घालून चप्पल झिजली, आन पोस्टमननं अर्ध्या तासात केलं. उंद्या जाताना मनीला बी ने बरुबर. आन वरच्या आळीच्या त्या जगूला बी सांग, त्येच्या पोरीचं बी तेच झालंय."

तात्यानं हे न विचारता सांगितलं होतं, कोमट दुधाच्या धारेच्या आवाजात. सांगून झाल्यावर त्याला त्याचं काही वाटलंही नाही. त्यानं आचळं पुसली, उठायला म्हणून खांबाला धरलं आणि 'आयाय' करत पुन्हा खाली बसला. बाबूराव भिंतीवरून उडी मारूनच पलीकडं गेला. काखेत हात घालून तात्याला उभं केलं.

"तात्या," तो म्हणाला, "माज्या गुडघ्याला काय झालं नव्हतं. त्या दिशी मी तहसीलला गेलो हुतो. दाखल्याला."

"ठावं हाय."

"कसं?"

"गुडघा धरल्याला माणूस फटफटीला किक मारून जातोय व्हय? एस्टीनं जातोय."

बाबूराव गप्प झाला. म्हैस शेपटीनं माशा वारत होती.

"मग तेल कशापायी दिलंस?"

तात्यानं बादली उचलली, त्यातलं दूध किती आहे ते बघितलं आणि भिंतीवरची किटली खाली घेतली. कित्येक महिन्यांत तिला पाणी लागलं नव्हतं. त्यानं ती आधी विसळली.

"ते इचारू नगंस. तेल हाय का अजून?"

"हाय. बाटली तशीच हाय. उघडली न्हाई."

"मग आण माघारी," तात्या किटलीत माप ओतता ओतता म्हणाला. "माजं खरंच दुखत्यात."